कॅमेरा जागल करत नाही

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात : ‘मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात सासूबाई आणि अकरावीत शिकणाऱ्या मुलीसह राहते. यजमान बुटीबोरीला कारखान्यात नोकरीला असून पंधरवड्यातून एकदा घरी येतात. दहा एकर वावर सालदाराच्या मदतीने मीच पाहते. दोन वर्षांत विहिरीवरच्या मोटारीची केबल दोनदा चोरीस गेली. यंदा भाव नसल्याने जवळपास तीस क्विंटल कापूस मधल्या खोलीत भरून ठेवला आहे. यजमानांनी चार कॅमेरे लावायचे ठरवले आहे : विहिरीवर, अंगणात, गुरांच्या कोठ्यात आणि एक घरात मधल्या खोलीच्या दाराशी. चारही त्यांच्या मोबाइलवर दिसतील. मुलगी रोज एसटीने तालुक्याला जाते; तिच्या मोबाइलमध्ये तिला न सांगता एक ॲप टाकावे, असेही ते म्हणतात. धाकट्या दिरांना गावाबाहेरच्या बेड्यावरील, म्हणजे भटक्या जमातींच्या वस्तीवरील, लोकांचा संशय असून विहिरीभोवती तार लावून तीत करंट सोडू, असे त्यांनी सुचवले. तालुक्याच्या एका दुकानदाराने पेनातला कॅमेरा, मोबाइलचे नेटवर्क बंद पाडणारा जॅमर, शॉक देणारी बॅटरी (टॉर्च) आणि मिरचीचा स्प्रे दाखवला. यातले काय घ्यावे? आणि घरातल्या कॅमेऱ्याचा विचार मनात आला की जीव गुदमरल्यासारखा होतो. हे माझे चुकते आहे का?’

ताई, सप्रेम नमस्कार.

खरेदीकडे वळण्यापूर्वी एक रात्र कल्पून पाहा. दोन वाजले आहेत, विहिरीपाशी दोन माणसे आली आहेत आणि बुटीबोरीत यजमानांचा मोबाइल वाजतो आहे. रात्रपाळी असेल तर तो मोबाइल वाजूनही कोणी उचलणार नाही. खोलीवर असतील तर ते झोपेतून उठून चित्र पाहतील आणि तुम्हालाच फोन करतील, कारण त्यांना गावी पोहोचायला तीन-चार तास लागतात. मग सासूबाईंना आणि मुलीला घरी ठेवून तुम्ही अंधारात पांदणीने वावरात जाणार काय? जाऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. पूर्वी हरभऱ्याच्या दिवसांत मचाणावर जागल करणारा माणूस असे आणि तो नुसता खाकरला तरी धुऱ्यापलीकडची चाहूल थांबत असे. कॅमेरा पाहतो, टिपून ठेवतो, पण जागल करत नाही. ती कोण करणार, हे ठरल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

म्हणून पहिले काम दुकानात नसून पांदणीवर आहे. तुमच्या विहिरीच्या वाटेवर आणखी ज्यांच्या विहिरी असतील, त्या तीन-चार कास्तकारांशी बोला. केबल चोरणारा माणूस शंभर-दीडशे फूट वजनदार तार खांद्यावर टाकून चालत जात नाही. पांदणीच्या तोंडाशी त्याची गाडी उभी असते. प्रत्येकाने आपापल्या विहिरीवर कॅमेरा टांगण्यापेक्षा सर्वांनी वर्गणी काढून पांदणीच्या तोंडाशी एकच चांगला कॅमेरा लावला, ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना तसे लेखी कळवले आणि दहा मिनिटांत पोहोचू शकतील अशा दोन घरांच्या मोबाइलवर त्याची सूचना यावी अशी व्यवस्था केली, तर तेवढ्याच पैशांत अधिक काम होते. हा कॅमेरा रस्त्याच्या अगदी समोर लावू नका, कारण हेडलाइटच्या झोतात नंबर प्लेट पांढरीफटक उमटते. गाडी वळताना जिथे हळू होते, तिथे थोडा बाजूने लावा.

वावरात वीज हवी तेव्हा नसते, म्हणून तिथे सिमकार्डावर चालणारा सौर कॅमेराच उपयोगी. साधारण तीन ते सहा हजार रुपयांत तो मिळतो. मात्र दुकानदार जे सांगत नाही ते आधी समजून घ्या. हा कॅमेरा सतत चित्रण करत नाही. बॅटरी वाचवण्यासाठी तो झोपलेला असतो आणि समोर हालचाल झाली की त्यातील उष्णता ओळखणारा सेन्सर त्याला जागे करतो. हा सेन्सर अंगाची उष्णता आणि पाठीमागच्या जमिनीची उष्णता यांच्यातला फरक ओळखतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, काळी जमीन आणि विहिरीचा दगडी काठ रात्री उशिरापर्यंत तापलेले राहतात, तो फरक नाहीसा होतो आणि माणूस समोरून गेला तरी कॅमेरा झोपून राहू शकतो. हिवाळ्यात उलट होते : रानडुकरे, रोही आणि कुत्री यांच्यामुळे रात्रभर मोबाइल वाजत राहतो आणि आठ दिवसांत कंटाळून माणूस सूचना बंद करून टाकतो. ज्या कॅमेऱ्यात माणूस आणि जनावर वेगळे ओळखण्याची सोय आहे तो घ्यावा, आणि त्याचे तोंड दहा-बारा पावलांच्या आतल्या जागेकडे, म्हणजे स्टार्टरच्या पेटीकडे, ठेवावे. अख्खे वावर दिसावे असा हव्यास धरू नये.

पावसाळ्यात कॅमेऱ्याभोवती पाखरे जमतात, पाखरांमागे कोळी येतो आणि रात्री कॅमेऱ्याचा अदृश्य प्रकाश काचेसमोरच्या जाळ्यावर आपटून चित्र धुक्यासारखे होते. पंधरा दिवसांतून एकदा फडके फिरवणे हे सालदाराच्या कामात धरा. ढगाळ आठवड्यात बॅटरी उतरते, म्हणून पॅनेल कॅमेऱ्यापासून वेगळे, दक्षिणेकडे तोंड करून लावता येईल असे घ्या आणि कॅमेरा मात्र सावलीत ठेवा. टिनाच्या पत्र्याखाली उन्हाळ्यात जी भट्टी पेटते, तीत बॅटरी लवकर मरते.

सिमकार्ड कोणत्या कंपनीचे, हे दुकानात ठरवायचे नाही. ज्या खांबावर कॅमेरा बसणार, त्याच उंचीवर मोबाइल धरून कोणाचे नेटवर्क टिकते ते दोन-तीन वेळा पाहा. दिवसभर थेट चित्र पाहण्याची यजमानांची इच्छा असेल, तर हिशोब त्यांना दाखवा : सेकंदाला एक मेगाबिट एवढ्या माफक दरानेही चोवीस तासांत सुमारे १०.८ जीबी डेटा जातो, आणि आपला पॅक दिवसाला दीड-दोन जीबीचा असतो. अंगणातल्या विजेवरच्या कॅमेऱ्याने याच दराने सतत चित्रण केले, तर १२८ जीबीच्या कार्डात साधारण अकरा दिवस मावतात आणि नंतर जुने पुसले जाऊन नवे लिहिले जाते. चोरी लक्षात यायला पंधरा दिवस लागले तर कार्डात काहीच उरलेले नसते. शिवाय चोराने कॅमेराच उपटून नेला तर कार्डही त्याच्याबरोबर जाते, म्हणून विहिरीवरच्या कॅमेऱ्याची निदान छायाचित्रे तरी लगेच मोबाइलवर येतील अशी सेटिंग करून घ्या.

केबलसाठी मात्र कॅमेऱ्याहून जुना उपाय अजूनही सरस आहे. विहिरीपासून स्टार्टरपर्यंतची केबल पाइपातून दोन-अडीच फूट खोल पुरा, जिथे ती उघडी आहे तिथे दर हातभर अंतरावर तापलेल्या सळईने आपल्या नावाची खूण उमटवा (हे काम केबल जोडण्यापूर्वी करावे, आणि सळई फक्त वरच्या आवरणाला टेकवावी), आणि खरेदीचे बिल जपून ठेवा. चोराला वेळ लागला पाहिजे. खोदकाम करावे लागणार असेल तर तो पुढच्या विहिरीकडे जातो. हे शेजाऱ्यावर अन्यायाचे आहे, हे मला कळते, आणि म्हणूनच पांदणीवरच्या सगळ्यांनी मिळून करा, असे म्हणतो.

दिरांच्या करंटबद्दल मी ताडकन नाही म्हणतो. घरगुती किंवा मोटारीच्या लाइनचा प्रवाह तारेत सोडणे म्हणजे चोराला अडवणे नव्हे, ज्याचा हात लागेल त्याला मारणे होय. आणि तो हात पहाटे पाणी धरायला गेलेल्या तुमच्या सालदाराचाही असू शकतो. अशा तारांनी विदर्भात माणसे मेली आहेत आणि वाघही मेले आहेत. त्यानंतर मनुष्यवधाचा किंवा वन्यजीव संरक्षण कायद्याखालचा गुन्हा दाखल होतो. रानडुकरांसाठी लोक वापरतात ती झटका मशीन वेगळी : तिचा झटका साधारण सेकंदाला एकदा, क्षणभरच येतो, त्यामुळे हात सोडवून घेता येतो. तीही प्रमाणित कंपनीची, बॅटरीवर किंवा सौर पॅनेलवर चालणारी आणि फलक लावूनच वापरायची असते, आणि ती पिकासाठी आहे. विहिरीवर पाणी भरायला येणाऱ्या माणसांच्या वाटेत तिचेही काम नाही.

आता कापूस. मधल्या खोलीतल्या तीस क्विंटलांना चोराइतकेच भय विस्तवाचे आहे, आणि पत्रात कोणीच त्याचा विचार केलेला दिसत नाही. कॅमेऱ्याचा ॲडॉप्टर, एक्स्टेन्शनची गुंडाळी, सैल प्लग हे सारे त्या खोलीत नेणे म्हणजे गंजीत काडी ठेवण्यासारखे आहे. कापूस भडकण्यापूर्वी आतल्या आत धुमसत राहतो, म्हणून त्या खोलीत छताजवळ बॅटरीवरचा धूर ओळखणारा अलार्म लावा आणि महिन्यातून एकदा त्यावरची रुई ब्रशने झाडून बटण दाबून तपासा. चोरीसाठी दाराला चुंबकाचा अलार्म पुरेसा आहे. एक तुकडा चौकटीला, दुसरा फळीला. दार उघडून दोन्ही दुरावले की भोंगा वाजतो. काही शे रुपयांचे हे यंत्र कोणाचेही चित्र काढत नाही, त्याला नेट लागत नाही, आणि ते वाजते तेव्हा घरातल्या आणि शेजारच्या, दोन्ही घरांतल्या माणसांना एकाच वेळी कळते. कापूस घरात घातल्यावर अंगाला खाज सुटते ती वेगळीच; तिच्यावर दुकानदाराकडे उपाय नाही.

म्हणजे घरातल्या कॅमेऱ्याला राखण्यासारखे काही उरत नाही. मधल्या खोलीच्या दाराशी तो लावला तर त्याच्यापुढून दिवसभर कोण जाणार? न्हाणीतून ओल्या केसांनी येणारी तुमची मुलगी, दुपारी पदर बाजूला टाकून पडलेल्या सासूबाई आणि तुम्ही. कापूस फाल्गुनात विकला जाईल. कॅमेरा मात्र तिथेच राहील आणि मग तो माणसेच पाहत बसेल. तुमचा जीव गुदमरतो, यात तुमचे काहीही चुकत नाही. यजमानांच्या मनात संशय आहे, असे मी म्हणत नाही. दूर राहणाऱ्या माणसाला घर डोळ्यांपुढे हवेसे वाटते, हे मी समजू शकतो. पण ती हुरहुर फोनवर बोलून शमवायची असते. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. तो हक्क प्रामुख्याने सरकारपुढे मागायचा, हे खरे. नवरा-बायकोच्या बोलण्यात निकालपत्र काढू नये. मात्र ज्या गोष्टीची गरज नागरिकाला सरकारपुढेही असते, ती स्वतःच्या घरात मागणे हा हट्ट ठरत नाही.

यजमानांशी बोलताना नकाराने सुरुवात करू नका. विहीर, अंगण आणि कोठा हे तिन्ही कॅमेरे मान्य आहेत, कापसासाठी दोन अलार्म आजच आणते, असे सांगा आणि मग पासवर्डाचा विषय काढा. बाहेरच्या कॅमेऱ्यांचे खाते तुमच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असावे आणि तुम्ही ते यजमानांना पाहायला द्यावे, उलट नको. घरी राहणाऱ्या माणसाच्या हातात चालू-बंद करण्याचा अधिकार असला, तर पाहणारा दूर असूनही पाळत वाटत नाही. अनेकदा कॅमेरा बसवायला आलेला मुलगा घाईत स्वतःच्याच मोबाइलवर खाते उघडतो, चित्र दाखवतो, पैसे घेतो आणि निघून जातो. त्या घराचे अंगण पुढे वर्षभर त्याच्याही मोबाइलवर दिसत राहते. माझ्या एका नातलगांकडे नेमके असेच झाले होते आणि ते कळायला सात महिने लागले. म्हणून तो समोर असतानाच खाते तुमच्या क्रमांकावर घ्या, खोक्यावरचा मूळ पासवर्ड बदला आणि इतर कोणाला परवानगी दिलेली नाही ना, ते ॲपमध्ये पाहा. मूळ पासवर्ड न बदललेल्या जगभरच्या कॅमेऱ्यांत आणि चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआर यंत्रांमध्ये शिरूनच २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या प्रोग्रामने मोठमोठ्या वेबसाइटी बंद पाडल्या होत्या. खोक्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे का, तेही पाहा. सीसीटीव्ही कॅमेऱ्यांसाठी केंद्र सरकारने सायबर सुरक्षेच्या चाचण्या एप्रिल २०२५ पासून सक्तीच्या केल्या आहेत, आणि दुकानात जुना, स्वस्त माल अजून पडून असू शकतो.

अंगणातल्या कॅमेऱ्यात शेजाऱ्यांची न्हाणी, हापसी किंवा त्यांचे ओसरीचे दार येता कामा नये. बहुतेक ॲपमध्ये चित्राचा तेवढा भाग काळा करता येतो. बाईमाणसाचे खासगी स्थितीतले चित्र घेणे किंवा पाहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली एक ते तीन वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ ई मध्येही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. मनात काही नसताना नुसत्या कोनामुळे भांडण उभे राहते, म्हणून बसवल्यावर शेजारच्या काकूंना बोलावून चित्र दाखवा.

मुलीच्या मोबाइलमध्ये चोरून ॲप टाकण्याला माझा विरोध आहे, आणि तो केवळ तत्त्वाचा नाही. अशी ॲप बहुधा प्ले स्टोअरच्या बाहेरून, मोबाइलची सुरक्षा बंद करून टाकावी लागतात. तिचे संदेश आणि छायाचित्रे बापाकडे जातातच, पण ॲप बनवणाऱ्या अनोळखी माणसाच्या सर्व्हरवरही जातात. ज्या मुलीचे रक्षण करायचे तिचेच फोटो परक्याच्या हवाली करण्याचा हा प्रकार आहे. आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला ते ॲप एक दिवस सापडणारच. त्यानंतर बसमध्ये कोणी त्रास दिला, तर ती घरी सांगेल की लपवेल, याचा विचार आईने करावा.

तिला समोर बसवून सांगा. एसटी चुकली किंवा संध्याकाळी उशीर झाला, तर व्हॉट्सॲपवरून तिने लाइव्ह लोकेशन पाठवावे. ते पंधरा मिनिटे, एक तास किंवा आठ तास चालते आणि ती हवे तेव्हा बंद करू शकते. तिच्या मोबाइलमधील आपत्कालीन सेटिंगमध्ये तुमचा, यजमानांचा आणि तालुक्याला राहणाऱ्या एखाद्या नातलगाचा क्रमांक भरा. पॉवरचे बटण झटपट दाबले की मदतीचा कॉल जातो. किती वेळा दाबायचे हे मोबाइलनुसार बदलते, कुठे तीनदा तर कुठे पाचदा, ते तिच्याच मोबाइलमध्ये पाहून घ्या. तिने स्वतःहून मान्य केले तर गुगल मॅप्सवर कायमचे लोकेशनही वाटून घेता येईल, पण मग तुमचेही तिला दिसू द्या.

दुकानदाराच्या पिशवीतले बरेचसे परत करा. पेनातला कॅमेरा तुमच्या एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. जॅमर खासगी माणसाने वापरणे बेकायदेशीर आहे, शिवाय तो सुरू असताना तुमचा विहिरीचा कॅमेरा आणि ११२ क्रमांकाचा कॉल हे दोन्ही पहिल्यांदा बंद पडतील. शॉक देणारी बॅटरी अंगाला टेकवावी लागते. इतक्या जवळ आलेला माणूस ती हिसकावून घेऊ शकतो. मिरचीचा स्प्रे मात्र घ्यायला हरकत नाही. भिवापुरी मिरचीच्या मुलखात त्याचे तत्त्व समजावून सांगायला नको. वारा पाठीशी घेऊनच तो मारावा, डब्यावरची मुदत पाहावी आणि एकदा उघड्या वावरात उडवून तो किती लांब जातो ते मुलीला दाखवावे. पिन ओढली की किंचाळणारा छोटा अलार्म बसस्टँडवर उत्तम, कारण तिथे ऐकणारे आहेत. पांदणीवर त्यापेक्षा लांब झोताची चांगली टॉर्च आणि सोबत बरी.

बेड्यावरील लोकांविषयी दिरांनी जे म्हटले, त्याला पुरावा काय, असे त्यांना शांतपणे विचारा. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण गावोगावच्या बोलण्यातून गेलेला नाही. कॅमेऱ्यात एखादी अंधूक आकृती दिसली, तर ती क्लिप गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणाच्याही नावासह टाकायची नाही, हे पांदणीवरच्या सर्वांत आधीच ठरवून घ्या. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले.

खरोखर चोरी झाली, तर चित्रण कापू नका, त्यावर बाण-वर्तुळे काढू नका आणि पोलिसांना फक्त व्हॉट्सॲपवर पाठवून थांबू नका, कारण तिथे चित्र दाबले जाऊन बारकावे जातात. कार्ड काढून पाकिटात घाला, तारीख-वेळ लिहा आणि तक्रारीबरोबर द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. त्याचा एक भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. खाते तुमच्या नावावर असण्याचा हा आणखी एक उपयोग. कॅमेऱ्यातले घड्याळ बरोबर आहे का, हे मात्र आजच पाहून ठेवा. वीज जाऊन आली की काही यंत्रे जुनीच तारीख दाखवू लागतात आणि सगळा पुरावा त्या एका चुकीपायी लटका पडतो.

सासूबाईंकडे बटणांचा मोबाइल असेल असे मी धरून चालतो. २०१७ पासून देशात विकल्या जाणाऱ्या साध्या मोबाइलमध्येही ५ किंवा ९ हे बटण दाबून धरले की ११२ ला कॉल जाण्याची सोय सक्तीची आहे. त्यांच्या मोबाइलमध्ये कोणते बटण आहे ते माहितीपत्रकात पाहा, गंमत म्हणून दाबू नका. शेजारच्या घराचा क्रमांक २ या बटणावर बसवून द्या आणि तो मात्र त्यांच्याकडून चार वेळा लावून घ्या. दाराच्या आतल्या बाजूला, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, दोन्ही क्रमांक चुन्याने ठळक लिहून ठेवा. चष्मा सापडला नाही तरी वाचता येतील एवढे मोठे.